ओल्या वाळूवर थांबू नको

"ओल्या वाळूवर मोटार खुशाल चालव, पण थांबवू मात्र नको," असं आई म्हणाली, तेव्हा मी हसले होते. कॉलेजातून सुट्टीला घरी आले होते, आणि सतराव्या वर्षी माणसाला सगळंच येत असतं.

"आई, गाडीचं वजन चार चाकांवर वाटलं जातं," मी म्हटलं.

"हो का? मग ते वाळूला सांग," आई म्हणाली आणि तिनं माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली.

ही १९२७ सालची गोष्ट. अण्णा, म्हणजे माझे वडील, बोर्ली पंचतनला डॉक्टरकी करत. बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली म्हणून त्यांनी मुंबईहून एक जुनी मोटार घेतली. दोन मचवे शेजारी बांधून, वर फळ्या टाकून ती दिघीला उतरवली, तेव्हा धक्क्यावर लग्नाला जमावी तशी गर्दी जमली होती. मला शिकवायचं अण्णांनीच काढलं. आईचा जीव मात्र टांगणीला लागला. लग्नाची मुलगी, हात मोडला तर? चाकाखाली कुणाचं वासरू आलं तर? अण्णांपुढे बोलून उपयोग नाही हे कळल्यावर तिनं एकच अट घातली: मुलगी पुढे बसणार, तर मी मागे बसणार.

आणि ती खरंच बसायची. नऊवारीचा पदर खोचून, एका हातानं टपाची दांडी घट्ट धरून, तोंडानं रामरक्षा म्हणत. "हिची रामरक्षा संपते, पण तुझी गाडी सुरू होत नाही," असं अण्णा मला चिडवायचे.

रस्ता अरुंद, त्यात समोरून बैलगाड्या. म्हणून शिकवणी दिवेआगरच्या किनाऱ्यावर व्हायची. ओहोटी लागली की तिथली वाळू सारवलेल्या अंगणासारखी होते. चाकं तिच्यावरून आवाजसुद्धा न करता जातात. एका बाजूला केवड्याचं बन, दुसऱ्या बाजूला लांब मागे हटलेला समुद्र, आणि कानाशी वारा. तसं मोकळं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

एके दिवशी अण्णा गावात रोग्याकडे उतरले. "एक फेरी मारून या दोघी," म्हणाले. मी निघाले. कोळणी मासळी निवडत बसल्या होत्या तिथवर आले, तर नीराबाई तबक घेऊन आडवी उभी. अण्णांनी तिच्या नवऱ्याला, हिरामणला, तापातून उठवलं होतं. तेव्हापासून ती आम्हाला घरचीच मानायची.

"डाक्टरीणबाय, पोरगी गाडी हाकते आनि आमी नुसतं बघत ऱ्हायचं व्हय? नव्या होडीला लावतो तसं हिला बी हळद-कुंकू लावनार!"

मी मागे वळून पाहिलं. आईचे ओठ रामरक्षेत होते, ते थांबले.

"थांबव गो," ती म्हणाली. "कुंकवाला नाही म्हणू नये."

मी थांबवली. नीराबाईनं मोटारीभोवती एक चक्कर मारली. "अगो बाय, हिचं कपाळ कुठं हाय?" सगळ्या हसल्या. पुढच्या जाळीवर कुंकवाची बोटं उमटली, मग माझ्या कपाळावर, मग आईच्या. आता आईनं उलट सगळ्यांना लावायला नको? ती खाली उतरली. तिथं तरी एकीला लावून दुसरीला कसं सोडायचं? म्हातारीपासून नव्या नवरीपर्यंत सगळ्यांना लावून झालं. तोवर लाटेचा फेस पुढच्या चाकाला शिवून गेला होता.

मी हँडल मारलं, धावत जाऊन बसले. मोटार थरथरली, मागची चाकं जागच्या जागी गरगरली आणि खाली गेली. जितका जोर लावावा तितकी आणखी खाली. भरती लागली होती.

"हिरामण!" नीराबाई ओरडली. "डाक्टरची होडी रुतली!"

माणसं धावली. होडी ओढताना खाली घालतात त्या तेलकट फळ्या त्यांनी चाकांखाली सारल्या, पुढे दोरखंड बांधला. बाया-पुरुष सगळे दोराला लागले. कोळ्यांच्या हातातला दोर आईनंही धरला. आमच्या घरातल्या बाईनं तसं करणं तेव्हा लहान गोष्ट नव्हती. "हैय्या हो!" म्हणताना तिचा आवाज सगळ्यांत वर होता. पाणी गुडघ्याला आलं, तेव्हा मोटार हलली.

अण्णा आले, ते निथळणारी मोटार बघतच राहिले. मग त्यांनी हँडल हातात घेतलं. "पुरे झालं हे शिकणं."

पण आई पुढे झाली.

"थांबव म्हणाले ती मी. तिनं माझं ऐकलं. रागवायचं तर मला रागवा. आज भीती बसली तर जन्मभर उठायची नाही. ती उद्या परत चालवेल."

"आणि तू?"

"मी मागे बसेन. मला भीती वाटतेच आहे, ती काय आजची आहे?"

दुसऱ्या दिवशी तीच दही-साखर, तीच रामरक्षा. मी चालवली.

आज अकरा वर्षांनी मी पालीला संसारात आहे. माझी केसर सहा वर्षांची. पितळी ताट हातात गोल फिरवत ती अंगणभर मोटार हाकते आणि मी आतून ओरडते, "हळू गं, पायरी आहे!" मग माझंच मला हसू येतं. ताटाच्या मोटारीला मी इतकी भिते. आई त्या मागच्या बाकावर कशी बसली असेल?

अण्णा गेले, मोटार विकली. आई आता दिवेआगरला, केवड्याच्या बनाशेजारी, एकटीच राहते. माझ्याकडे ये म्हटलं तर येत नाही. हल्ली उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारवाल्यांची सोळा-सतरा वर्षांची मुलं संध्याकाळी तिथंच शिकतात. त्यांचे बाप कोरड्या वाळूवर हाताची घडी घालून, चेहरे पाडून उभे असतात. आणि आई काठी घेऊन पाण्याच्या कडेला. "थांबू नको रे! चालव, चालव!" मुलं तिला हसतात, असं ऐकते. हसोत. मीही हसलेच होते.

पण परवा हिरामण बल्लाळेश्वराला आला होता, तो म्हणाला, "बाय, आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. पानी पायाशी येईस्तवर तिला दिसत न्हाय. घरी चल म्हटलं तर म्हनते, शेवटची गाडी जाऊ दे."

माझ्या मांडीवर दीड महिन्याचं बाळ आहे. मला इतक्यात निघता येणार नाही. तुमच्यापैकी कुणी दिघीला तरीच्या बोटीतून मोटार उतरवून श्रीवर्धनकडे जाणार असाल, तर संध्याकाळी जरा दिवेआगरच्या किनाऱ्याकडे वळा. मोटार कोरड्या वाळूवरच उभी करा, नाहीतर आधी तुमचीच खरडपट्टी निघेल. पाण्याच्या कडेला काठी टेकून उभी असलेली बाई दिसेल. तिला म्हणा, शेवटची गाडी गेली. आणि ती घरात जाऊन दिवा लावेपर्यंत, तेवढं बघा.