डाव्या क्रँकचा बोल्ट

"हे ऐकून कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि शहाण्याने ठेवूही नये," असं म्हणत मामाने स्टुलावरचं जुनं टायर उचलून खाली ठेवलं आणि भांडणाच्या बरोबर मधोमध बैठक मारली.

कोणी वळून पाहिलं नाही. मामाचं बोलणं दादा आणि धाकटी या भाचरांना आता छतावरच्या पंख्यासारखं झालं होतं. चालू असेपर्यंत ऐकू येत नसे, बंद पडलं तर मात्र चुकल्यासारखं व्हायचं. शिवाय दुकानात आज ऐकायला दुसरं पुष्कळ होतं.

कामाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर सायकलचा डावा क्रँक पडला होता. क्रँक म्हणजे ज्याच्या टोकाला पेडल असतं तो दांडा. त्याच्या दुसऱ्या टोकाला चौकोनी भोक असतं आणि ते अ‍ॅक्सलच्या निमुळत्या चौकोनी टोकावर चढवून बोल्टने आवळायचं असतं. या दांड्याचं भोक आता चौकोनीही राहिलं नव्हतं आणि गोलही झालं नव्हतं. चारही कोपरे उंदराने कुरतडावेत तसे खाल्ले गेले होते. टेबलाच्या पलीकडे खुर्चीवर सुतार बसला होता. त्याचा डावा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता आणि तो त्याने दुकानात शिरल्यापासून असा पुढे धरला होता, जणू बाकी सगळं बोलणं त्या हातानेच करायचं होतं.

"मालक, मी लाकडातला माणूस," तो दादाला सांगत होता. "लोखंडाला मी हात लावत नाही. सायकल इथून नेली तशी चालवली. काल उताराला पाय खाली दाबला, तो पेडलसकट गेलाच. मी एकीकडे, सायकल एकीकडे, हा दांडा तिसरीकडे."

"आणि बोल्ट?" धाकटीने विचारलं.

"बोल्ट काय मी पडता पडता वेचत बसू? गेला असेल गटारात."

धाकटीने दांडा उचलला. दुकान दादाचं होतं, पाटीही त्याचीच होती. पण भिंतीवरचा सांगाडा उतरवून त्याची सायकल करणं हे धाकट्या बहिणीचं काम होतं, आणि या टेबलाकडे दुसऱ्या कोणी पान्याला हात घालण्यापूर्वी तिला विचारायची रीत होती. तिने भोकात बोट फिरवलं आणि ते बोट दादासमोर धरलं. बोट काळं, चिकट झालं होतं.

"ग्रीस आहे."

"मग? सायकल आहे, ग्रीस असणारच," दादा म्हणाला.

"इथे नसतं. मी ही टोकं कोरडी पुसून बसवते, आतून बाहेरून. दुकानातली कुठलीही सायकल उघडून बघ. आणि हे महिन्यापूर्वी तपासणीला आले होते, तेव्हा मी पुन्हा पाना लावून पाहिलाय. लावल्याबरोबर टिक झालं. बोल्ट केसभरही फिरला नाही."

"टिक झालं ते तुझ्याशिवाय कोणी ऐकलं?"

धाकटीने भावाकडे पाहिलं. लहानपणी याच भावाची परीक्षेतली कॉपी तिने झाकली होती, हे त्याच्या लक्षात असावं अशी तिची अपेक्षा नव्हती. पण निदान तिच्या शब्दाला साक्षीदार मागू नये एवढी होती.

"ग्रीस आतल्या बेअरिंगमधून झिरपलं असेल," सुतार म्हणाला. "मला काय कळतंय त्यातलं. मला एवढंच कळतं की हात मोडला. महिना-दोन महिने रंधा धरता येणार नाही."

"माझी तक्रार त्याबद्दल नाही," धाकटी म्हणाली. "हात मोडला हे वाईटच झालं. पण बोल्ट मी सैल सोडला नव्हता."

"ताई, मी तुमच्या वाईटावर नाही. चारचौघांतही बोललो नसतो. पण जोर म्हणजे शेवटी जोर असतो. बाईमाणसाचं मनगट ते..."

"पाना मनगट विचारत नाही." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि दादाला तोच आवाज नको होता. "जेवढा जोर लावून ठेवलाय तेवढा भरला की तो टिक म्हणतो. तुमच्या हातात असला तरी तेव्हाच, माझ्या हातात असला तरी तेव्हाच. हवं तर आत्ता धरा उजव्या हाताने आणि बघा."

"पुरे," दादा म्हणाला. "गिऱ्हाईक हात मोडून दारात बसलंय आणि तू त्याला परीक्षेला बसवतेस."

त्याने दांडा तिच्या हातातून घेऊन वर्तमानपत्रावर ठेवला, नीट, वर्तमानपत्राच्या कडेला समांतर. मनात निर्णय पक्का झाला की वस्तू सरळ ठेवायची त्याला सवय होती.

"उद्यापासून तू काउंटरला बस. ट्यूबा, घंट्या, कुलपं. टेबलाला मी माणूस बघतो."

"माणूस बघतोस," धाकटी म्हणाली. "मग इतकी वर्षं टेबलाला कोण होतं?"

सुतार खुर्चीत जरा सैलावला. न्याय झाला की माणसाला जसं बसावंसं वाटतं तसा बसला.

"तर तो चोर," मामा म्हणाला.

"मामा, आत्ता नको," दादा म्हणाला.

"आत्ताच पाहिजे. क्रँकच्या बोल्टचीच गोष्ट आहे. कारागीर, तू ऐक. हे दोघं ऐकून ऐकून बहिरे झालेत." मामाने स्टूल सुताराकडे वळवलं. "तेव्हा दुकान माझं होतं आणि माझ्या हाताने आवळलेला बोल्ट माझ्याशिवाय सुटत नसे, अशी पंचक्रोशीत बोलवा होती. एका चोराने ती ऐकली नव्हती. बिचारा नवीन होता. त्याने दारातली सायकल उचलली आणि सुटी करून विकायला काढली. सीट गेली, हँडल गेलं, चाकं गेली, चेन गेली. राहिला सांगाडा आणि त्याला चिकटलेला डावा क्रँक."

"डावाच का?" सुताराने विचारलं.

"उजवा मी आवळला नव्हता, माझ्या भावाने आवळला होता."

सुताराच्या ओठाचा एक कोपरा हलला. प्लॅस्टरमधला हात त्याने मांडीवर घेतला.

"चोराने पाना लावला. हलेना. मेहुण्याला बोलावलं, दोघं लोंबकळले. मेहुण्याच्या धोतराची गाठ सुटली, बोल्ट सुटला नाही. मग घोडा जुंपला. घोडा माघारी फिरून चोराच्या तोंडाकडे बघायला लागला. शेवटी पान्याला साखळी बांधून साखळी मालगाडीच्या मागच्या डब्याला अडकवली."

"काहीतरीच."

"गाडी मागे आली, कारागीर. गार्ड झेंडी घेऊन खाली उतरला आणि विचारायला लागला, गाडी कोणी धरली म्हणून."

"पाना मोडला असता तुमचा," सुतार आता हसत होता. "गाडीच्या ओढीला कुठला पाना टिकतो?"

"पाना मोडेल कसा? तोही माझ्याच दुकानातून चोरलेला होता."

दादासुद्धा हसू दाबायला खोकला. एकटी धाकटी हसली नाही. ती टेबलावरची हत्यारं फडक्याने पुसून एकेक करून खोक्यात ठेवत होती. स्वच्छ हत्यारं ती पुन्हा पुसत होती. जोर मोजणाऱ्या, टिक वाजणाऱ्या टॉर्कच्या पान्याशी आल्यावर तिचा हात थांबला. तो खोक्यात ठेवायचा की टेबलावरच राहू द्यायचा, हे ठरेना. उद्या येणारा माणूस तो कसाही टाकेल, जोराची खूण शून्यावर न आणता तसाच ठेवेल, आणि पान्यातली स्प्रिंग बसेल. हे त्याला कोण सांगणार?

"मामा, तुम्हीसुद्धा," ती हळूच म्हणाली. "आज तरी."

मामाने ऐकलं नसावं. "दुसऱ्या दिवशी चोर सांगाडा खांद्यावर घेऊन माझ्याच दारात. म्हणाला, मामा, हात जोडतो, चोरी सोडतो, पण एवढा बोल्ट काढून द्या, घरात झोप लागत नाही."

"चोर कशाला येईल परत?" सुतार म्हणाला. "अंगावर घ्यायला?"

"तू एखादा दरवाजा बनवतोस आणि तो बसेना तर झोप लागते तुला?"

सुतार विचारात पडला. "नाही लागत," त्याने कबूल केलं.

"चोरही कारागीरच. असो. मी सांगाडा इथे, याच टेबलावर आडवा घातला. पाना लावला. करंगळीने ढकलला. ना कट्ट, ना किर्र. लोण्यातून सुरी निघावी तसा बोल्ट बाहेर. चोर माझ्या पाया पडला."

दादाने घड्याळाकडे पाहिलं. "झालं, मामा?"

"झालं कुठे, मुद्दा तर आत्ता येतोय." मामाने आवाज खाली आणला, शिकवताना आणावा तसा. "बोल्ट बरोबर आवळलाय याची तीच खूण. नीट आवळलेला बोल्ट सोडवताना मुकाट सुटतो. हूं का चूं नाही. आवाज करून सुटला की समजावं, आवळणारा कच्चा. आपल्या धाकटीचे बोल्टही बघ, सगळे असेच. पाना लावला की गुपचूप बाहेर. तिलाच विचारा."

धाकटीने मान वर केली. तिने एवढा वेळ अडवून धरलेला संताप आता नातं बघणार नव्हता. भावाने टेबल काढून घेतलं ते घेतलं, पण निदान मामाने तरी तिच्या कामाबद्दल भर दुकानात असलं अडाणीपणाचं बोलू नये. ती बोलायला तोंड उघडते तोच मामाने तिच्याकडे न बघता टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून पुढे केला.

"पोरी, पाणी."

पेला अर्धा भरलेला होता.

धाकटीने पेल्याकडे पाहिलं, मामाच्या टकलाकडे पाहिलं. मग तिने पेला घेतला आणि तो हातात धरून तिथेच उभी राहिली.

सुतार चुळबुळला. त्याच्या उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर मागेपुढे फिरत होती, रंधा मारल्यावर फळी तपासावी तशी. चोर, घोडा, मालगाडी यांनी त्याचं काही बिघडलं नव्हतं. त्या गोष्टी गोष्टींसारख्या होत्या. पण ही गोष्ट कामाची होती, आणि कामाबद्दलची चुकीची गोष्ट, तीही इतक्या शांतपणे सांगितलेली, त्याला नखात गेलेल्या कुसळासारखी लागत होती. त्याने दादाकडे पाहिलं. दादा वर्तमानपत्राची घडी सारखी करत होता. त्याने धाकटीकडे पाहिलं. ती पेला धरून तशीच उभी होती.

"तुम्ही हे खरंच सांगताय?" त्याने विचारलं.

"बाकीचं सोड, हे अगदी देवाशपथ," मामा म्हणाला. "मुकाट सुटतो. मांजराच्या पावलांनी. पण जाऊ दे, तुझ्या लाकडातलं नाही हे. खिळे ठोकणाऱ्याला बोल्ट काय समजावा?"

"खिळे ठोकत नाही मी. सांधे बसवतो."

"तेच ते."

सुताराचे कान लाल झाले. तो खुर्चीतून अर्धवट उठला आणि प्लॅस्टरचा हात टेबलावर आपटणार होता, तो शेवटच्या क्षणी सावरला.

"खोटं आहे," तो म्हणाला. "साफ खोटं, मामा. तुमचा घोडा ऐकून घेतला, मालगाडी ऐकून घेतली, पण हे नाही ऐकणार. पक्का बसलेला बोल्ट म्हणे मुकाट येतो. ह्या ताईंचा तर मुळीच येत नाही. पाना अडकवला, हलेना. पान्यावर हातभर नळी चढवली, तरी हलेना. शेवटी वर पाय देऊन उभा राहिलो, तेव्हा कुठे असा कडाड वाजून सुटला, की आमची ही आतून धावत आली, काय मोडलं म्हणून विचारायला."