अठरावं ताट

“अगं, कालथा आडवा घाल. उभा ठेवलास तर पंखा अडेल, आणि उद्याचा चहा आजच्या डागांसकट प्यावा लागेल सगळ्यांना!”

थोरली स्टुलावर बसून सांगत होती. धाकटीनं कालथा आडवा केला, भांडी धुण्याच्या यंत्रात हात घालून पाणी उडवणारा पंखा बोटानं एकदा फिरवून पाहिला.

“फिरतोय, वन्सं.”

“मग लाव दार.”

दोघी नणंद-भावजय. वृद्धाश्रमाच्या भांडीघरात त्यांची नावं कुणी घेत नसे; सगळे थोरली आणि धाकटीच म्हणत. थोरली एकवीस वर्षं तिथं भांडी घासत आली होती. भाऊ गेला तेव्हा तिनंच भावजयीला हाताला धरून आणलं आणि आपल्या शेजारी उभं केलं. राहायलाही दोघी एकाच खोलीत. चार महिन्यांपूर्वी कुणीतरी हे यंत्र देणगी म्हणून दिलं, पण तोवर थोरलीचे गुडघे कामातून गेले होते.

यंत्र घरगुती आणि जेवणारी माणसं अठरा. दुपारची भांडी दोन फेऱ्यांत निघत, एकेक फेरी दोन तासांची. दुसरी संपेपर्यंत, म्हणजे पाच वाजेस्तोवर, थोरली ओल्या फरशीवर स्टूल टाकून पाय चोळत बसे. धाकटीला ते बघवत नसे. तिनं मनाशी ठरवलं, सगळं एकाच फेरीत बसवायचं आणि वन्संना तीनला घरी पाठवायचं.

एकदा पातेलं आत घुसवताना तिचं बोट आतल्या जाळीच्या कडेच्या खिट्टीवर पडलं आणि ताटं उभी धरणाऱ्या काट्यांची अख्खी रांग खट्कन आडवी झाली.

“मोडलं! वन्सं, मोडलं मी!”

“झालं. उद्या दोघींच्या हातात नारळ.” थोरली लंगडत आली. तिनं रांग वर ओढली, तशी ती पुन्हा उभी राहिली. “मोडलं कुठं? मेलं वाकून नमस्कार करतंय तुला.”

दोघी पोट धरून हसल्या.

त्या दिवसापासून धाकटीला त्या जाळ्यांचं वेडच लागलं. पातेली असली की मागचे काटे आडवे, ताटं असली की उभे. वरची जाळी दोन्ही बाजूंचे खटके दाबले की एक पायरी वर चढते, म्हणजे खाली ताटांना उंची मिळते. कडेची फळी पाडली की कपांचे दोन मजले होतात. पेले तिरपे, तोंड खाली, नाहीतर बुडावर पाणी साचतं. चमचे एक सुलटा, एक उलटा, म्हणजे एकमेकांच्या कुशीत शिरत नाहीत. हे सगळं तिचं तिनं शोधलं. थोरलीचा हट्ट एकच.

“ताटाला ताट लागू देऊ नकोस. चिकटली की मधलं खरकटं तसंच राहतं. मध्ये दोन बोटं जाऊ देत.”

पण काही केल्या एक ताट उरायचंच. अठरावं. ते थोरली नळाखाली हातानं धुवायची आणि काम उरलंय म्हणत पाचपर्यंत थांबायची. “मुद्दाम ठेवतेस होय माझ्यासाठी? बरंय, हाताला गंज चढायला नको.”

मग कोपऱ्यातल्या खोलीतले मास्तर गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी सतराच ताटं आली. धाकटीनं ती लावली, जाळी आत ढकलली, दार लोटलं, आणि दार बसलं.

“बसलं, वन्सं! सगळं बसलं!”

ती टाळी वाजवणार, तोच थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. धाकटीनं जीभ चावली.

थोरली मात्र त्या दिवशी तीनला घरी गेली. पुढचे दहा-बारा दिवस रोज गेली. गुडघ्यांची सूजही जरा उतरली.

एकदा साडेतीनला मॅनेजरबाई डोकावल्या. “यंत्र बंद? बिघडलं की काय?”

“बिघडतंय कशाला! एकाच फेरीत बसवते मी सगळं. एक काटा वाया जात नाही बघा.” धाकटीनं कौतुकानं जाळी ओढून दाखवली.

“आणि थोरली कुठंय?”

“त्या गेल्या घरी. तीननंतर काम तरी काय उरतं?”

“छान, छान,” मॅनेजरबाई म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी त्यांनी दोघींना ऑफिसात बोलावलं. बाई वाईट नव्हत्या. बोलताना त्यांनी पेनचं टोपण चारदा काढलं, चारदा लावलं. “वरून विचारणा झाली. भांडीघरात आता एकच जागा ठेवायची म्हणतात. कुणी राहायचं ते तुम्हीच ठरवा.”

“मी जाते,” धाकटी म्हणाली. “मला कुठंही मिळेल काम.”

“गप गं. तू गेलीस तर ते यंत्र भरणार कोण? मला मेलीला वाकवत तरी आहे का?” थोरली बाईंकडे वळली. “माझं लिहा.”

बाहेर आल्यावर धाकटीला रडू फुटलं. “वन्सं, तुमच्या पायांसाठी केलं हो मी.”

“ठाऊक आहे. बरं वाटलं ना पायांना.”

थोरलीनं काम सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटीनं मुद्दाम सगळे काटे उभे केले, वरची जाळी खाली उतरवली आणि दोन फेऱ्या लावल्या. मॅनेजरबाई दारात येऊन थांबल्या. “काल तर बसत होतं सगळं?” धाकटीला खोटं सुचलं नाही. तिसऱ्या दिवसापासून परत एकच फेरी.

महिनाअखेरीस मास्तरांच्या खोलीत नवीन आजी आल्या. दुपारी अठरा ताटं. धाकटी त्यातलं एक हातात घेऊन जवळजवळ पळतच ऑफिसात गेली.

“बाई, आता नाही बसत! हे बघा, उरलं.”

“किती उरली?”

“एक.”

“एकच ना? मग हातानं धू की.”

संध्याकाळी घरी जेवणं झाली. धाकटी ताटं उचलायला वाकली, तर थोरलीनं आधीच स्टूल नळापाशी ओढलं होतं.

“आण इकडे.”

“मी धुते हो. तुमचे पाय...”

“दिवसभर तूच धुतेस ना? एवढं तरी राहू दे मला.”

धाकटीनं दोन्ही ताटं तिच्या हातात दिली. थोरलीनं ती घासली, विसळली, परत घासली. दोन ताटांना लागावा त्याहून कितीतरी जास्त वेळ लावला. मग ओट्यावर भिंतीला टेकवून निथळत ठेवली. सगळा ओटा मोकळा पडला होता, तरी तिनं दोन्हींच्या मध्ये बोटं घालून पाहिलं, ताटाला ताट लागत तर नाही ना.