शंभर माणसांचा नवस

माझ्या जावेचं काही चांगलं झालेलं मला बघवत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला फार देवभोळी समजायला नको. युलिन माझ्या धाकट्या दिराची बायको. दीर वारला आणि तिच्याकडे लवंगेची चार झाडं नि पत्र्याचं घर तेवढं उरलं. आमच्याकडे अख्खी टेकडी आहे. तरी लग्नात, मयतीत, चर्चच्या स्वयंपाकघरात बायका हिच्याच भोवती.

यंदा मात्र पाळी माझी होती. माझ्या नवऱ्याचं, वेम्पीचं, मनाडो शहरात हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा इस्पितळाच्या बाकावर बसून मी देवाला शब्द दिला होता, की हा माणूस चालत घरी आला, तर सुगीच्या उपकारस्तुतीच्या रविवारी शंभर गरजू माणसांना माझ्या हातचं जेवू घालीन. वेम्पी चालत आला. लवंगही अशी लगडली की फांद्या वाकल्या. आणि गरजू माणसं शोधायलाही लागली नाहीत. पलीकडच्या बेटावर ज्वालामुखी फुटला होता आणि तिथली कुटुंबं तीन महिने आमच्या गावच्या शाळेत मुक्कामाला होती.

उपकारस्तुतीला आमच्याकडे बोलावणं नसतं. कुणीही कुणाच्याही घरात शिरावं, पोटभर जेवावं, निघताना पिशवी भरून न्यावी. मी दोन डुकरं कापली. बांबूच्या नळ्यांत चिकट भात भाजला, मिरची-मसाला घालून डुकराचं मटण शिजवलं. बिचारे गारव्यात बसून जेवतील म्हणून दिवाणखान्यात नवा एसी बसवून घेतला. गार हवा वाया जायला नको, म्हणून काचेचं दार लोटलं आणि नवे कपडे घालून, सजून टेबलापाशी उभी राहिले.

दोन वाजेपर्यंत सात माणसं आली. त्यातली एक पाळकबाई आणि एक त्यांचा ड्रायव्हर.

काचेतून समोर युलिनचं अंगण दिसत होतं. शाळेतली माणसं घोळक्यानं तिच्याकडे वळत होती, केळीच्या पानांवर जेवत होती, आणि ती मेली त्यांच्यात जमिनीवर बसून खिदळत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. होतं काय हिच्याकडे? चार कोंबड्या आणि पपईच्या पानांची भाजी. उद्या सगळं गाव मला बडा घर पोकळ वासा म्हणणार, हे मला दिसत होतं. मी वेम्पीजवळ बराच वेळ तणतणले. त्यानं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "शब्द तू देवाला दिला होतास की युलिनला?"

मी त्याच्याशी बोलणं बंद केलं.

थोड्या वेळानं युलिन पातेल्याचा तळ खरवडताना दिसली. मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. तिच्या फाटकातून तीन-चार बायका पोरांना घेऊन तशाच माघारी फिरल्या आणि माझ्या दारासमोरून निघाल्या. उपाशी होत्या, तरी आत यायला तयार नाहीत! मी तरातरा बाहेर गेले आणि त्यांना विचारलं, माझ्या घरात काय विष वाढलंय का?

त्यातली एक घाबरून म्हणाली, "तसं नाही हो ताई. आजच्या दिवशी दार बंद, म्हणजे घरात कुणीतरी गेलं असणार, असं वाटलं आम्हाला. म्हणून तर पोरांना गप्प करत होतो."

मी मागे वळून पाहिलं. आत माझा नवरा जिवंत बसला होता.

मग मी त्या बायकांनाच आत घेतलं आणि मटणाची पातेली, भाताच्या नळ्या त्यांच्या हाती दिल्या. युलिनच्या अंगणात ऐंशी-एक माणसं बसलेली. निम्म्यांच्या पानांवर काही नव्हतं. त्यांना उठवून माझ्या गारव्यात कुठे आणणार? आम्ही सगळं तिकडेच नेलं. प्रत्येक पावलाला मनात येत होतं, की माझी डुकरं, माझा घाम, आणि नाव होणार हिचं.

तसंच झालं. मटण वाढताच बेटावरचा एक म्हातारा उठला, त्यानं डोळे मिटले आणि ह्या घरच्या माउलीला देव भरभरून देवो, अशी प्रार्थना सुरू केली. मी ओठ चावून उभी राहिले. अर्ध्यावरच युलिननं त्याचा हात धरला.

"आजोबा, माझं राहू द्या," ती म्हणाली. "माझ्या थोरल्या दिरांसाठी मागा. वेम्पी त्यांचं नाव. मरणाच्या दारातून परत आलेत. हे अन्न त्यांच्या घरचं आहे."

सगळ्या अंगणानं मान खाली घालून माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. लहान पोरांनीसुद्धा. मला रडू आवरेना. युलिन माझा हात धरून उभी होती आणि तिला वाटलं असेल, मी विरघळले. पण डोळे पुसतानाही मला तिचा हेवाच वाटत होता. सकाळपासून मी माणसं मोजत होते, आणि वेम्पीची आठवण तिला झाली.