सहा वाजून पाच मिनिटांचा फोटो

हवालदार हजेरीच्या खोलीत आला, मुकादमाच्या टेबलासमोरच्या बाकावर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सकाळचे साडेआठ झाले होते. झाडूवाल्या बायका हातगाड्या ओळीनं लावून, हातपाय धुऊन निघून गेल्या होत्या. एकटी आक्का बाहेरच्या नळापाशी पाय घासत होती.

"मुकादम, तुमच्यामुळे आमचं मोठं काम सोपं झालं बरं का," हवालदार म्हणाला.

चौतीस वर्षांच्या नोकरीत पोलीस मुकादमाचे आभार मानायला आज पहिल्यांदाच आला होता.

"कशाबद्दल?"

"तुमचा तो बॅरिस्टर. बसथांब्याजवळचा."

बॅरिस्टर हे नाव झाडूवाल्यांनीच ठेवलेलं. अंगात एकावर एक तीन कोट घालून तो माणूस पाचेक वर्षांपासून आक्का झाडायची त्या चौथ्या पट्ट्यावरच्या बसथांब्यामागे राहायचा आणि दिवसभर समोर कुणी नसताना हात नाचवून वाद घालायचा. "मुद्दा असा आहे की" अशी सुरुवात व्हायची. मुद्दा काय ते पाच वर्षांत कुणाला कळलं नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाण्यात कुणीतरी काही कालवतं असं त्याच्या डोक्यात बसलं होतं, म्हणून आक्का आधी स्वतः घोट घ्यायची, मग बाटली त्याच्या हातात द्यायची. मंगळवारी पहाटे त्याला एका गाडीनं उडवलं आणि गाडी थांबली नाही. तो उडून थांब्यामागच्या झुडपांत पडला. तिथं तो एरवीही झोपलेला असायचा, त्यामुळे सकाळी माणसं येऊन उभी राहिली, बस आली की चढून गेली. सात वाजून दहा मिनिटांनी एका कंडक्टरला रस्त्यात नुसताच बूट दिसला आणि त्यानं मागं जाऊन पाहिलं. आज गुरुवार होता.

"त्याचं काय?" मुकादमानं विचारलं.

"एक गाडी सापडली होती आम्हाला. पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी जाते, डावा दिवा फुटलेला, बॉनेट चेपलेलं. मालक म्हणतो कुत्रं आडवं आलं. मला काही ते पटलं नव्हतं. कुत्रं कशाला बॉनेटवर चढतंय? पण काल तुमच्या पालिकेतून मंगळवारचे फोटो मागवले. चौथा पट्टा, झाडण्याआधीचा फोटो, सहा वाजून पाच मिनिटं. आणि त्यात बॅरिस्टर थांब्याच्या कट्ट्यावर मस्त पाय हलवत बसलेला! म्हणजे सहापर्यंत माणूस धडधाकट. मग पाच-पंचविसाची गाडी कशी उडवेल त्याला? उगाच एका भल्या माणसाला आत घातलं असतं."

मुकादमाच्या हातातलं पेन हजेरीच्या कागदावर एकाच जागी टेकून राहिलं होतं. तिथं शाईचा ठिपका पसरला.

"मग आता?"

"आता सहानंतरची गाडी शोधायची. सापडेल तेव्हा सापडेल. खरं सांगू का, सापडणार नाही. ही जप्त केलेली मात्र संध्याकाळी सहाला सोडतोय, मालक गॅरेजवाल्याला घेऊनच येणार आहे. आणि हो, मयताची बहीण आलीये. तेरा वर्षं शोधत होती म्हणे. तुमचा नंबर दिलाय तिला. तिला तो फोटो हवाय." हवालदार उठला, टोपी घातली. "तुमचं ॲप लई कामाचं निघालं. आम्ही उगाच शिव्या घालत होतो."

शिव्या मुकादमही घालत असे. दोन वर्षांपूर्वी हुकूम निघाला होता: प्रत्येक पट्ट्याचा झाडण्याआधीचा एक आणि झाडल्यानंतरचा एक फोटो रोज ॲपवर चढवायचा, नाहीतर त्या पट्ट्याची गैरहजेरी. बायकांनी फोटो काढून मुकादमाला पाठवायचे, मुकादमानं चढवायचे. पण ॲप फोटो काढला कधी ते बघत नव्हतं, चढवला कधी तेवढंच बघत होतं. ही गोष्ट सगळ्या मुकादमांना पहिल्या आठवड्यातच कळली. मग प्रत्येकानं आपापला साठा करून ठेवला. कुणाचं पोर आजारी, कुणाची पाठ धरलेली. त्या दिवशी साठ्यातला एखादा फोटो जायचा. कुणाचं काही बिघडत नव्हतं. रस्ता दुसऱ्या दिवशी झाडला जायचाच.

मंगळवारी पहाटे पाचला आक्काचा फोन आला होता. "गुडघा सुजलाय, पाय टेकवत नाही." तो म्हणाला, "झोप तू, मी बघतो," आणि कूस बदलून स्वतःही झोपला. खरं तर साडेपाचला त्यानं फिरतीवर असायला हवं होतं. सहाला जाग आली. अंथरुणात पडल्यापडल्या त्यानं चौथ्या पट्ट्याचा एक जुना फोटो चढवला. त्यात कोण आहे, कोण नाही, हे पाहिलंसुद्धा नव्हतं.

हवालदाराची फटफटी गेल्याचा आवाज आला आणि आक्का दारात उभी राहिली. तिच्या हातात चपला होत्या.

"कधीचा टाकलात?" तिनं विचारलं.

"ऐकलंस का सगळं?"

"नळ बंद केला होता मी. कधीचा?"

"वीस-बावीस दिवसांचा असेल."

"तरीच. सहा वाजता तो कधी बसलेला असतो का? सहा वाजता तो माझ्यामागनं फिरतो, हात पाठीमागं बांधून. इथं राहिलं, तिथं राहिलं." ती चौकटीला टेकली. "पाच-पंचविसालाच गेली असणार ती गाडी."

"असेल."

"मी साडेपाचला पोचते थांब्यावर."

डॉक्टरांनी धडकेनंतर अर्धा-पाऊण तास जीव होता असं लिहिलंय, हे कालच मुकादमाच्या कानावर आलं होतं. हे आक्काला ठाऊक आहे की नाही ते मुकादमाला माहीत नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता.

"झोपलेला वाटला असेल लोकांना," आक्का म्हणाली. "मला नसता वाटला."

"आक्का, तू आजारी होतीस."

"होते ना. तुम्हाला कळवलंही होतं." तिनं चपला खाली टाकल्या. "कायम व्हायला मला अजून दोन वर्षं आहेत. सून दुसऱ्यांदा पोटुशी आहे. घरात कमावतं माणूस मी एक."

"मी अजून काही ठरवलेलं नाही."

"तुम्ही काय करायचं ते करा. पण मला विचारायला येऊ नका. विचारलंत तर मी नको म्हणेन." तिनं चपला पायात सरकवल्या आणि लंगडत फाटकाबाहेर पडली.

दुपारी मुकादम घरी जेवायला बसला. चार घास गेल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत असताना तिचा वाढायचा हात थांबला नाही.

"निवृत्तीला किती राहिलेत?" तिनं विचारलं.

"चौदा महिने."

"एरवी एक शब्द बाहेर पडायला तुम्हाला चार दिवस लागतात. लग्नाला हो म्हणायला तुम्ही महिना घेतलात. आणि आताच कशी जीभ सुटली तुमची?"

"सुटलीय कुठं अजून? तुलाच सांगतोय."

"मग माझ्यापाशीच राहू द्या. मेलेला काही उठून येणार नाही. आणि गाडीवाला मोठा असला तर उद्या सुटेलच. तुम्ही आणि ती आक्का तेवढे बसाल घरी." तिनं भाताचं पातेलं खाली ठेवलं. "जेवा."

तिचं बोलणं चुकीचं नव्हतं. मुकादम सकाळपासून स्वतःशी हेच घोकत होता, फक्त तिच्याइतक्या नेमकेपणानं त्याला ते मांडता आलं नव्हतं. या फोटोनं सगळ्यांचीच सोय केली होती. गाडीवाला सुटत होता. हवालदाराचं एक काम कमी होत होतं. मुकादमाची नोकरी शाबूत होती. आक्का त्या पहाटे रस्त्यावर होती, आणि ती असेपर्यंत माणूस पाय हलवत बसला होता, असं सरकारी कागद सांगत होता. झुडपात पडून राहिलेला तो पाऊण तास या हिशेबात कुठंच बसत नव्हता.

जेवणानंतर तो जरा आडवा झाला तोच फोन वाजला. बाईचा आवाज, वयस्कर, स्वच्छ.

"मुकादम बोलताय का? मी त्या... बसथांब्यावरच्या माणसाची बहीण. इथं मला एक फोटो दाखवलाय, पण तो कागदावर छापलेला आहे, चेहरा काळा आलाय. तुमच्या फोनमध्ये चांगला असेल ना? मी ठाण्यातच बसलेय. घाई नाही, तुमच्या सवडीनं."

फोटो द्यायचा आणि परत यायचं, असं स्वतःला बजावून तो निघाला. पोचला तेव्हा साडेचार वाजले होते. ठाण्याच्या आवारात ती गाडी उभी होती, गडद निळी, धुऊन पुसून ठेवल्यासारखी. तो तिच्याकडे न बघता पायऱ्या चढला.

बहीण व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. पासष्टीची असेल. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. तिनं बाजूला सरकून त्याला जागा करून दिली.

"इथं त्याला बॅरिस्टर म्हणायचे म्हणे," ती म्हणाली.

"बायकांनी ठेवलं होतं. वाईट हेतूनं नव्हे."

"वाईट कशाला वाटेल? वायरमन होता तो. आमच्या आईला भारी हौस होती, पोरानं वकील व्हावं. तिला सांगायला हवं होतं." ती किंचित हसली. "औषधं चालू होती तोवर ठीक होता. मग एके दिवशी दूध आणतो म्हणून गेला. घरात त्याचा शेवटचा फोटो माझ्या लग्नातला, त्यातही तो मांडवाची वायर जोडत पाठमोरा उभा आहे."

मुकादमानं फोन काढून फोटो उघडला. बोटांनी मोठा केला. कट्ट्यावर तो बसला होता, तीन कोट, वाढलेली दाढी, मान एका बाजूला, कुणाचं तरी बोलणं ऐकून घेत असल्यासारखी. एक पाय हवेत. बहिणीनं चष्मा पुसला आणि फोन दोन्ही हातांत धरला.

"म्हातारा झाला की हो," ती शेवटी म्हणाली. मग म्हणाली, "मला एकच विचारायचंय. सहा वाजता तुमच्या माणसांनी बघितलं ना त्याला? कसा होता तेव्हा? काही बोलला?"

इथं नुसतं गप्प राहून भागणार नव्हतं. चांगला होता म्हणायचं, पाणी प्यायला म्हणायचं, हसला म्हणायचं. त्याला रचावं लागणार होतं, आणि ती प्रत्येक शब्द घरी घेऊन जाणार होती. दोन वर्षांत त्यानं किती खोटे फोटो चढवले असतील, पण बसून, समोरच्याच्या तोंडाकडे बघून खोटं बोलायची वेळ आली नव्हती.

"ताई, सहा वाजता त्याला कुणी बघितलं नाही," तो म्हणाला. "हा फोटो त्या दिवसाचा नाही."

तिला अर्थ लागेना. "मग वेळ कुठून आली?"

"मी टाकली. घरून. अंथरुणातून." आता सुरुवात झालीच होती, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं, साठा, आक्काचा गुडघा, पेट्रोल पंप. आवारातल्या निळ्या गाडीकडे बोट दाखवलं. झुडपातला तो पाऊण तासही सांगितला, कारण तो आज ना उद्या तिला कागदावर दिसणारच होता.

बहिणीनं फोन त्याला परत दिला. ती रडली नाही, रागावलीही नाही. कुणी कामाला बोलावून मध्येच थांब म्हणावं तशी हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"फोटो कधीचा, तारीख सांगा," ती म्हणाली.

त्यानं तारीख पाहून सांगितली. पर्समधून पेन काढून तिनं ती तळहातावर लिहून घेतली.

हवालदार आत फायली बांधत होता. ऐकताना त्याचा चेहरा पडत गेला.

"मुकादम, डोकं फिरलंय का तुमचं? सकाळी मी समोर बसलो होतो तेव्हा दातखीळ बसली होती?"

"बसली होती."

"मी साहेबांना सांगून आलोय! पंचनामा, जबाब, सगळं परत करायचं. आणि तुमच्या साहेबांना पत्र जाणार, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

हवालदारानं कपाळ चोळलं, दाराबाहेर डोकं काढून शिपायाला ओरडून सांगितलं की निळी गाडी सोडायची नाही, मालक आला तर बसवून ठेव. मग कोरे कागद पुढ्यात सरकवले. "लिहा तुमच्या हातानं. सहा वाजता कुठं होतात, चौथ्या पट्ट्यावर कोण होतं, का नव्हतं. नावानिशी. अर्धवट लिहाल तर वकील पहिल्या तारखेलाच फाडून टाकेल."

आक्काचं नाव टाळता येईल का, यावर मुकादमानं पेन हातात धरून बराच विचार केला. तोंडी रजा मीच दिली, असं त्यानं लिहिलं आणि ते खरंच होतं. पण रजा कुणाला दिली, हेही लिहावं लागलं. दोन पानं झाली. सही केल्यावर हवालदारानं त्याचा फोन पाकिटात घालून सील केला.

आक्काचं घर वाटेवर नव्हतं. तरी तो गेला. ती दारात बादली पालथी घालून तिच्यावर बसली होती आणि गुडघ्याला शेकत होती. त्याला बघून तिनं शेकायची पिशवी बाजूला ठेवली.

"लिहून दिलं," तो म्हणाला.

"माझं नाव?"

"घातलं."

तिनं मान वळवली. आतून सुनेनं विचारलं कोण आलंय, तिला तिनं सांगितलं कुणी नाही, कामावरचे आहेत. मुकादम उभाच होता. बस म्हणून ती म्हणाली नाही.

"गाडी?"

"सोडली नाही."

"हं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी सांगितलं होतं ना विचारू नका. विचारलं नाहीत, ते बरं केलंत." पुढं आवाज थोडा चढला. "पण माझ्याकडून शाबासकीची वाट बघू नका, मुकादम."

"नाही बघत."

"उद्या येऊ का नको?"

त्याला ते खरंच माहीत नव्हतं. पत्र पोचायला दोन दिवस लागतील, कदाचित आठ. फोन ठाण्यात होता, म्हणजे उद्या अकराच्या अकरा पट्ट्यांचे फोटो चढणार नव्हते आणि सगळ्यांचीच गैरहजेरी लागणार होती.

"ये," तो म्हणाला. "कुणी नको म्हणेपर्यंत ये."

"साडेपाचला?"

"साडेपाचला. मीही येतो."

आक्कानं पिशवी पुन्हा गुडघ्यावर ठेवली, ती निवली होती, आणि आत सुनेला पाणी गरम करायला सांगितलं.