झूनीने लपवलेली करवत

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. काश्मिरातल्या शोपियांकडच्या एका लोहाराने मला घडवले आणि अक्रोडाची मूठ बसवली. दिसायला मी बेताचीच, पण माझ्या दातांपुढे भल्याभल्या फांद्यांनी हात टेकले आहेत.

माझा धनी सनाउल्लाह. बागेतली सफरचंदे उतरली की तो मला घेऊन झाडावर चढे. बाकीचे लोक पानगळ सरायची वाट बघत. हा मात्र दाट, वेड्यावाकड्या फांद्या आधीच उतरवी. "बर्फ काय विचारून पडतो?" असे म्हणे. लोक त्याच्या हाताची तारीफ करत. ती निम्मी तरी माझी आहे, असे मला वाटे.

तो वारला आणि त्याची बायको झूनी हिने मला माळ्यावर गवतात लपवले. अंगणातली सफरचंदाची दोन झाडे त्याने लग्नाच्या वर्षी लावली होती. त्यांना कुणी पाते लावू नये, एवढाच तिचा हेतू. मी गंजत पडले. मला तिचा फार राग आला.

तिसऱ्या वर्षी पाने झाडावर असतानाच बर्फ पडला. त्या ओझ्याने एक झाड बुंध्यापर्यंत उभे फाटले. तो आवाज मी गवतातूनही ऐकला.

पुढच्या वर्षी सफरचंदे उतरताच झूनीने स्वतः मला बाहेर काढले आणि सुनेच्या, हफीजाच्या, हातात दिले. हफीजा सासूला मोजी, म्हणजे आई, म्हणे.

"मोजी! हिच्यासाठी अख्खं घर पालथं घातलं आम्ही. तुमच्याकडेच होती होय?"

"बोल, बोल. माया केली आणि झाड घालवलं मी. हे एक तरी वाचव गं."

हफीजाने राखेने माझा गंज काढला, कानशीने दात पाजळले, तेल लावले. ती झाडावर चढताच शेजारचे खालिककाका कुंपणावरून ओरडले, "वहिनी, सून पडेल! खाली गादी तरी अंथरा!"

"तुमच्याच झाडाखाली अंथरा काका, तिथे बर्फाने फांद्या पडायच्यात," हफीजा म्हणाली.

मग ती एका जाड, आडव्या फांदीपाशी थांबली. झूनी खालून कळवळली, "ती राहू दे. तिच्यावर बसून तो चहा मागायचा."

"हीच झाड फाडणार आहे, मोजी."

मग झूनी पाठ फिरवून म्हणाली, "काप."

त्या वर्षीही बर्फ लवकर आला. झाड वाकले, कुरकुरले, पण उभे राहिले. सकाळीच खालिककाका आपल्या झाडाच्या मोडलेल्या फांद्यांसाठी मला मागायला आले, तेव्हा झूनी दारात बसली होती. अंगातल्या सैल, लांब फेरनच्या आत शेकायची कांगडी, आणि कांगडीत त्याच फांदीचे निखारे.

"बघ, तो अजून ऊब देतोय," ती सुनेला म्हणाली. माझा राग तिथेच गेला.

मित्रांनो, ज्यावर माया कराल त्याची निगाही राखा. आणि काम झाले की मला पुसून, तेल लावून खुंटीला टांगा. लपवू मात्र नका.