घड्याळाची धार

कमळाकरने घड्याळ खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं आणि अंगठ्याने कडेची धार शोधू लागला. पुन्हा शोधली. धार नव्हती. अंगठा साबणाच्या वडीवरून घसरावा तसा घसरत होता.

"कसं दिसतंय? नवंकोरं ना?" त्याची बायको शांती पुढ्यात उभी होती. किती महिन्यांनी ती हसली होती. "पनवेलच्या बाजारात देऊन पॉलिश नि रंग करून आणलं. उद्या वर्षश्राद्ध. पोराच्या फोटोपुढं कळकट कसं ठेवायचं?"

न्हावा शेवाच्या रस्त्यावर कंटेनरच्या गाडीखाली प्रितेश गेला, आणि कपाटात हे जुनं क्रोनोग्राफ तेवढं राहिलं. पोराला असल्या घड्याळांचं भारी वेड. बापाला जवळ बसवून दाखवायचा: उशीसारखं फुगीर चौकोनी धातूचं कवच, मोठ्या तबकडीत दोन लहान तबकड्या, काठाला वेग मोजायचे बारीक आकडे. कमळाकर चिडवायचा, "एका घड्याळानं तुला जाग येत नाय, एकात तीन कशाला?" प्रितेश हसायचा. "बाबा, ही धार बघा. आणि तबकडीचा हा सायीसारखा रंग. याला पन्नास वर्षं लागतात. पॉलिश मारलं, वर रंग दिला, की संपलं सगळं."

आता तबकडी चुन्यासारखी पांढरीफटक झाली होती. बारीक आकडे रंगाखाली गडप. करायला गेली गणपती आणि झाला मारुती! पण बिचारी मायेपोटीच गेली होती, तिला काय बोलायचं? कमळाकरला वाटलं, पोरगा आज दुसऱ्यांदा गेला, आणि या खेपेला रडायचीसुद्धा सोय नाही.

"चांगलं झालंय," तो म्हणाला.

शांती शेजारी टेकली. "तो तुमालाच दाखवायचा. मी आपली सैपाकात. काय बघायचा वो यात? मला पन सांगा ना."

कमळाकरने तिचं बोट धरलं आणि घड्याळाच्या कडेवर ठेवलं.

"हितं धार हाय. वरून खाली उतरते. तिच्यावर त्याचा लय जीव."

शांतीने डोळे मिटून बोट फिरवलं. परत फिरवलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"मला नाय लागत," ती ओशाळून म्हणाली. "भाकऱ्या थापून थापून बोटंच मेलीत माजी."

"लागंल," कमळाकर म्हणाला. "हलू फिरव."

शांती बोट फिरवत राहिली.