अकरावा वाटा

माझ्या संसारात सवत होती, पण ती बाई नव्हती, एक मेलेला मास्तर होता. गणबा मास्तर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या झाडीपट्टीत शाळा तपासत हिंडले आणि खेड्यांच्या अर्थकारणावर एक पातळसं पुस्तक लिहून गेले. आमचे हे, देवानंद सर, चंद्रपूरला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. यांच्या मते मास्तर म्हणजे आपल्याकडचे पहिले अर्थशास्त्रज्ञ. मास्तरांना इंग्रजी येत होतं की नाही, मधली दोन वर्षं ते कुठे गडप झाले, कशाचाच पत्ता नाही. पण यांचा जीव अडकला तो एका वाक्यात: दहा जण जाळं ओढतात आणि मासळीचे अकरा वाटे करतात.

अकरावा कोणाचा? मास्तरांनी पुढे चकार शब्द लिहिला नाही. नागपूरचे एक विद्वान म्हणत, देवाचा. दुसरे म्हणत, सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराचा. तिसऱ्यांनी तर छापखान्याची चूक ठरवून हात झटकले. यांना एकही पटेना. मी म्हणायची, मांजरीचा असेल, आता जेवायला चला.

दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की हे सावली गावाजवळच्या एका तलावावर जात. तिथले मासेमार ढिवर मिळून जाळं ओढत आणि हे काठावर बसून वाटे मोजत. जितकी माणसं तितकेच वाटे. त्यांच्यातले जुने डोमाभाऊ. त्यांना विचारलं की ते जाळ्याकडे बघत म्हणत, तसं काई नाई जी सर. हे उन्हात करपून घरी येत आणि पुन्हा मास्तरांचं पुस्तक उघडून बसत. माझा नुसता संताप व्हायचा.

पौषात हे गेले. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

मे महिन्यात डोमाभाऊंचा फोन आला, बाई, जाळं टाकून राह्यलो, तुम्ही या. आता मी कशाला, असं पुटपुटतच गेले. मासळी काठावर ओतली, वाटे पडले. मग एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राहिला. डोमाभाऊ एकेका वाट्याला हात लावून विचारत, हा कोणाचा, आणि तो न बघता नाव घेई. सगळी माणसं संपली तरी एक वाटा उरला.

"हा कोणाचा?"

"देवानंद सरचा."

डोमाभाऊंनी मला सावलीत बसवलं आणि सांगितलं. जाळ्यावरचं माणूस ज्या साली जातं, त्या साली एक वाटा त्याच्या घरी जातो. काठावर बसून का होईना, सर जाळ्यावरचेच. पण त्या वाट्याचं नाव आधी काढायचं नसतं, काढलं तर मरणाला आवतन दिल्यासारखं होतं. मास्तरांना हेच म्हणायचं होतं का, देव जाणे. हे असते तर सहा महिने स्वतःशीच भांडले असते.

मी चिडूनच विचारलं, इतकी वर्षं माणूस इथं येऊन बसला, एकदाही हा वाटा दिसू नये त्याला?

डोमाभाऊ टोपलीत मासे भरत होते. वर न बघता म्हणाले, "ते येत होते तवा कोणी गेलंच नाई ना बाई. मोठी चांगली सालं होती ती."

आणि त्या एकेका सालाला मी घरी बसून शिव्या घातल्या होत्या.